आधी काम, मग फोटो

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, आपल्या शिक्षण संस्थेचे सचिव आणि गावातल्या सगळ्यात मोठ्या लाकडाच्या वखारीचे मालक, माननीय सचिवसाहेब, आपले मुख्याध्यापक, ज्यांना मी शाळेत असताना दुरून आणि आता जवळून ‘हेडसर’ म्हणतो, ते हेडसर, ज्यांच्यासाठी हा हॉल झाडला, खुर्च्या पुसल्या आणि माइक उसना आणला, त्या आमच्या उपक्रमप्रमुख बाई, शिक्षकवर्ग, पालकवर्ग, तिसऱ्या रांगेतून ‘शर्ट खोच’ अशी खूण करणारी माझी आई, आणि हॉलमध्ये, खिडकीत व खिडकीबाहेर विटांच्या ढिगावर उभे असलेले माझे दोस्त विद्यार्थी, तुम्हा सगळ्यांना माझा नमस्कार.

मला दोन मिनिटं मिळाली आहेत. हेडसर म्हणाले, “चांगलं चांगलं बोल आणि खाली ये.” चांगलं मी बोलणारच आहे. खाली कधी येईन ते मात्र सांगता येत नाही, कारण मला सुरुवातीपासून सुरुवात करायची सवय आहे.

मागच्या बाजूने टकटक, टकटक असा आवाज येतोय, तो ऐकू येतोय ना? तुम्ही माना वळवू नका. तो आवाज कशाचा, ते शेवटी सांगतो.

मी वक्ता नाही. मी या समारंभाचा फोटोग्राफर. म्हणजे तोही पूर्ण नाही. फोटोवाले मामा खरे फोटोग्राफर, मी त्यांचा भाचा आणि त्यांचं स्टँड. याच शाळेत मी दहावीला दोनदा बसलो आणि तिसऱ्यांदा उठलो. मग गाव सोडलं. दोन महिने मंडपवाल्याकडे बांबू उचलले. मग ट्रकवर क्लीनर होतो. माझा उस्ताद गाडी चालवताना झोप येऊ नये म्हणून मला पाढे म्हणायला लावायचा, आणि माझे पाढे तेराच्या पुढे जात नसत, त्यामुळे आम्ही तेराच्या पाढ्यावर तीन राज्यं फिरलो. मग एका बंदरात होड्यांना रंग दिला. होडीला रंग देताना पहिला हात नेहमी... असो. आईने बॅग हलवली. विषयांतर झालं.

सांगायचं काय, तर सहा वर्षांत मी कुठेही दोन महिन्यांच्या वर टिकलो नाही. या गावात मात्र मी जवळजवळ वर्षभर टिकलो. का टिकलो, ते सांगायला उभा आहे.

गेल्या जुलैमध्ये मामांनी मला बोलावलं. म्हणाले, “एका दिवसाचं काम आहे. शाळेचा फोटो-दिवस.”

नव्या पालकांना माहीत नसेल, म्हणून सांगतो. आपल्या शाळेत वर्षभराचे विद्यार्थी उपक्रम चौदा. वृक्षारोपण, श्रमदान, भित्तिपत्रक, शैक्षणिक सहल, नाटक, समूहगान, टेबल टेनिस वगैरे. वर्षाच्या शेवटी त्यांचा अहवाल वर जातो, सोबत फोटो जातात. आपल्याकडची पद्धत अशी, की अहवाल वर्षाच्या सुरुवातीलाच छापून तयार ठेवायचा; मजकूर गेल्या वर्षीचाच, फक्त साल बदलायचं. मग जुलैतला एक कोरडा दिवस बघून चौदाही उपक्रमांचे फोटो एकाच दिवसात उरकायचे. मुलांनी घरून तीन-चार शर्ट आणायचे, म्हणजे वेगवेगळे दिवस वाटतात. हे मी गुपित फोडतोय असं नाही. हॉलमधल्या तरुण पालकांनी आणि थोरल्या भावंडांनी शाळेत असताना असे शर्ट बदललेले आहेत. हसू नका, मागच्या रांगेतले डेपोवाले काका, तुम्ही एकाच दिवशी पावसाळ्यातही होतात आणि उन्हाळ्यातही.

मी स्वतः नववीत टेबल टेनिसचा खेळाडू होतो. माझा फोटो आहे. हातात बॅट, चेहऱ्यावर जिंकल्याचा आव. अंगावर शेजारच्याचा शर्ट. चेंडू मी आयुष्यात बघितलेला नव्हता, आणि टेबल शाळेत कधी आलंच नव्हतं. तरी आईने तो फोटो देव्हाऱ्याच्या... बरं, बरं, फोटो कुठे लावला ते सांगत नाही. पाहुण्यांना ती अजून सांगते, “आमचा हा खेळात होता.”

तुम्ही विचाराल, एवढी मोठी शाळा, उपक्रमांसाठी खास खोली बांधलेली, तिच्या दारावर ‘उपक्रम कक्ष’ अशी पाटी, मग उपक्रम का होत नाहीत? प्रश्न योग्य आहे. त्याचं उत्तर त्या खोलीतच होतं. जमिनीपासून छतापर्यंत होतं. सागाच्या फळ्या. वखारीत जागा पुरेना, म्हणून ‘चार दिवस’ ठेवलेल्या. ते चार दिवस एकोणीस वर्षं चालले. सचिवसाहेब, मी आकडा चुकत असेन तर सांगा. नाही? मग पुढे जातो.

तर फोटो-दिवस. पहिला उपक्रम वृक्षारोपण. हेडसरांच्या खोलीतली शोभेच्या झाडाची कुंडी आणायची, मुलांनी तिच्याभोवती वाकायचं, फोटो झाला की कुंडी परत टेबलाशेजारी. दरवर्षी तेच झाड. या शाळेत सगळ्यात जास्त वेळा लावलं गेलेलं झाड ते, आणि मातीत एकदाही गेलं नव्हतं.

मी कॅमेरा डोळ्याला लावला. आठवी ब मधली एक मुलगी कुंडी धरून बसली होती. तिला सगळे ‘प्रश्नपत्रिका’ म्हणतात. (हात वर कर गं. ती बघा, खिडकीत.) तिने बाईंकडे बघून विचारलं, “बाई, हे झाड लावायचं की नुसतं धरायचं?”

अगदी साधा प्रश्न. तिच्या आवाजात टोमणा नव्हता. तिला खरंच कळत नव्हतं, की गुडघे मातीत टेकवायचे की शर्ट स्वच्छ ठेवायचा.

बाईंची शिट्टी गळ्यात होती. ती त्यांनी तोंडात धरली, पण वाजवली नाही. मी कॅमेऱ्यातून बघत होतो, त्यामुळे मला त्यांचा चेहरा तुमच्यापेक्षा मोठा दिसला. मग त्यांनी शिट्टी काढली आणि मला म्हणाल्या, “कॅमेरा ठेव खाली.”

हेडसर व्हरांड्यातून आले. “काय झालं बाई? ऊन आहे तोवर उरकून घ्या.”

बाई म्हणाल्या, “सर, एकोणीस वर्षं मी नुसतं धरलं. यंदा लावू या.”

“अहो, पण अहवाल छापून आलाय!”

“मग तर सोपंच झालं. काय काय करायचं ते लिहिलेलंच आहे.”

आणि त्यांनी तो छापील अहवाल नोटीस बोर्डावर टाचला. वर खडूने लिहिलं: आधी काम, मग फोटो. प्रश्नपत्रिकेने त्याच दुपारी कुंपणाजवळ खड्डा खणला आणि हेडसरांचं झाड त्यात लावलं. रिकामी कुंडी हेडसरांकडे परत गेली. हेडसर तिच्यात आता छत्री ठेवतात. मला म्हणाल्या बाई, “तू काय करतोस सध्या?”

मी म्हटलं, “काही नाही. परवा जाणार आहे.”

“कुठे?”

आता ‘कुठे’ या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे कधीच नसतं. तेवढ्यावर मी थांबलो. मला वाटलं, चार दिवस थांबू. या गावात चार दिवसांचं काय होतं, ते आपण बघितलंच.

आता उपक्रम क्रमांक चार, श्रमदान. अहवालात वाक्य होतं: ‘विद्यार्थ्यांनी शालेय परिसरातील अडगळ दूर करून श्रमाचे महत्त्व जाणले.’ नववीची मुलं बोर्डाशी उभी राहून वाचत होती. एकाने विचारलं, “अडगळ म्हणजे कुठली?” सगळ्यांनी त्या खोलीकडे बघितलं.

बाईंनी आधी दोन पत्रं दिली, साहेब. एक ऑगस्टमध्ये, एक सप्टेंबरमध्ये. ‘कृपया लाकूड हलवावे.’ उत्तर आलं नाही. ऑक्टोबरच्या पहिल्या शनिवारी सकाळी सात वाजता बाईंनी शिट्टी वाजवली. खोलीच्या दारापासून वखारीच्या फाटकापर्यंत, तीन गल्ल्या ओलांडून, एकशे सत्तर मुलामुलींची रांग. एक फळी, दोन हात, पुढचे दोन हात. शिंप्याच्या दुकानासमोरून, दवाखान्यासमोरून. डॉक्टरीणबाईंनी बाहेर येऊन विचारलं, “कुणाचं घर बांधताय?” रांगेतून उत्तर आलं, “आमचं!” डेपोवाले काका स्वतः रांगेत शिरले आणि दोन तासांनी कंबर धरून बाहेर आले. मी फळीच्या एका टोकाला होतो, तेवढ्यात मला मंडपवाल्याकडचा एक प्रसंग आठवला आणि मी तो सांगायला थांबलो, तर मागून एक सहावीतली चिमुरडी ओरडली, “दादा, तोंड नको, हात चालव!”

साहेब स्कूटरवरून आले तेव्हा साडेदहा झाले होते. खोली निम्मी रिकामी, वखारीत फळ्यांचा ढीग. साहेब लालबुंद. “हे कुणी सांगितलं? कुणाच्या परवानगीने?” आमचे हेडसर भिंतीकडे बघत होते. भिंतीवर बघण्यासारखं काही नव्हतं.

आणि रांगेच्या शेवटी उभी असलेली प्रश्नपत्रिका म्हणाली, “काका, फळ्या उन्हात ठेवायच्या की सावलीत?”

साहेब, तुम्ही काय म्हणालात, आठवतं का? तुम्ही म्हणालात, “सावलीत. आणि अशा एकावर एक नका लोटू, मधे पट्ट्या घाला. हवा खेळली पाहिजे, नाहीतर फळी वाकते.” तुम्ही स्कूटर लावलीत, बाह्या वर केल्यात आणि पहिल्या दोन थरांना स्वतः पट्ट्या घातल्यात. मुलं तुमच्याकडे बघून शिकली. वीस मिनिटं तुम्ही त्या वर्षातले सगळ्यात चांगले शिक्षक होतात. हे मी चेष्टेने म्हणत नाही. तो फोटो माझ्याकडे आहे, तो मी काम झाल्यावर काढलेला आहे, आणि तो खरा आहे.

मग एकविसाव्या मिनिटाला तुम्हाला आठवलं, की तुम्ही रागावला होतात.

तुम्ही बाईंना म्हणालात, “उपक्रमच करायचे होते, तर मला आधी सांगायचं होतं.”

बाई म्हणाल्या, “साहेब, एकोणीस वर्षं अहवालात लिहून सांगतेय.”

त्या खोलीत मग काय काय झालं, ते सगळं सांगत बसलो तर चहा गार होईल. भित्तिपत्रक निघालं, दर पंधरा दिवसांनी. नाटक झालं, राजाची मिशी पडली आणि प्रधानाने ती उचलून “महाराज, आपलं काहीतरी पडलं” म्हणून अदबीने परत दिली. नाटकाचा पडदा माझ्या आईने शिवला, जुन्या चादरी जोडून. तेव्हापासून आपली एक चादर सापडत नाही, असं मामी म्हणते. सहल गेली आणि बस बारा मैलांवर बंद पडली. दिवसभर चाळीस मुलं एका गॅरेजमध्ये. मेकॅनिकने सगळ्यांना टायर बदलायला शिकवलं. म्हणाला, “एवढे हात मला जन्मात मिळाले नव्हते.” धरण बघायचं राहिलं. समूहगान पूर्ण फसलं. समूह जमला, गाणं जमलं नाही. विज्ञान प्रदर्शनात ज्वालामुखीने हेडसरांच्या पँटवर उद्रेक केला. चौदातले दहा उपक्रम झाले, तीन फसले. एक राहिला होता. त्याच्याकडे येतो.

वर्ष संपत आलं तेव्हा छापील अहवाल सहीला आला. ‘सर्व चौदा उपक्रम यशस्वीरीत्या पार पडले.’ बाईंनी सही केली नाही. त्यांनी हाताने दुसरा अहवाल लिहिला. त्यात फसलेलं समूहगान होतं, बंद पडलेली बस होती, आणि ‘उपक्रम कक्ष एकोणीस वर्षांनी मोकळा केला’ हे वाक्य होतं. हेडसर म्हणाले, “बाई, एवढं एक वाक्य काढा. बाकी सगळं राहू द्या.” मी तिथेच होतो. बाई म्हणाल्या, “सर, बाकी सगळं त्या वाक्यामुळेच झालंय.”

तीन आठवड्यांनी पत्र आलं. ‘आपल्या अनुभवाचा लाभ संस्थेच्या दुसऱ्या शाळेस व्हावा, या हेतूने व आपल्या विनंतीवरून बदली करण्यात येत आहे.’ दुसरी शाळा बसने दोन तासांवर. चार वर्ग. बाईंच्या सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, रोज चार तास बसमध्ये गेले तर त्यांच्याकडे बघायचं कुणी? तेव्हा घरच हलवावं लागतंय. बाई, मला फक्त एवढं सांगा, तुम्ही विनंती केली होती का?

मान आडवी हलली. सगळ्यांनी बघितली.

बाईंनी मला काल बजावलं होतं, “भांडू नकोस. जे झालं तेवढं सांग.” मी तेवढंच सांगतोय. आता जे झालं तेच भांडणासारखं ऐकू येत असेल, तर त्याला माझा इलाज नाही.

भाषणांमधून आतापर्यंत सांगितलं गेलं, की बाई शिस्तप्रिय होत्या, मनमिळाऊ होत्या, वक्तशीर होत्या. होत्या, होत्या, होत्या! त्या इथे बसल्या आहेत आणि पाणी पितायत. बाई मनमिळाऊ वगैरे नाहीत. मला नववीत त्यांनी दोन तास मैदानावर पळवलं होतं. त्यांनी एकोणीस वर्षं खोटे फोटो काढले, हे त्या स्वतः सांगतात. पण एका मुलीने प्रश्न विचारला तेव्हा त्यांनी तिला “गप्प बस, हस आणि कॅमेऱ्यात बघ” असं म्हटलं नाही. एवढंच त्यांचं मोठेपण. माझ्या मते ते पुष्कळ झालं. सहा वर्षं मी फिरलो. मंडपात बांबू धरले, ट्रकवर दार धरलं, बंदरात शिडी धरली. ‘नुसतं धरू नकोस, लाव’ असं मला कुणी म्हटलं नाही. मीही कुणाला विचारलं नाही.

आता कार्यक्रमपत्रिकेतला पुढचा भाग. या टेबलावर ताट आहे. ताटात फुलं, फुलांवर उपक्रम कक्षाची किल्ली, किल्लीला रिबीन. बाईंनी ती किल्ली सचिवसाहेबांच्या हाती सुपूर्द करायची, दोघांनी समोर बघायचं आणि मी फोटो काढायचा. सोमवारी खोलीत काय येणार, ते गावाला माहीत आहे. वखारीच्या फाटकात गाडी भरून उभी आहे.

साहेब, फोटो मी जरूर काढीन. मामांचं नाव मी बुडवणार नाही. पण आमच्या बाईंचा नियम तुम्हाला ठाऊक आहे: आधी काम, मग फोटो. तेव्हा किल्ली घ्या, माझ्याबरोबर मागे चला, आणि आधी दाराला कुलूप लावून दाखवा.

तिथे गेल्यावर तुम्हाला आईने शिवलेला तो पडदा दिसेल. चौकटीत लटकतोय. दार नाही.

मी म्हटलं होतं, एक उपक्रम राहिला होता. टेबल टेनिस. अहवालात दरवर्षी होता, शाळेत टेबल नव्हतं. गेल्या रविवारी दहावीच्या मुलांनी बिजागऱ्या सोडवल्या, दोन्ही कवाडं उतरवली, आडवी टाकली, रंधा मारला, हिरवा रंग दिला. रंगाचा पहिला हात पातळ द्यायचा असतो, ते मी बंदरात शिकलो होतो. सहा वर्षांत पहिल्यांदा माझं शिकलेलं कुणाच्या तरी कामाला आलं. जोड अजून नीट बसलेला नाही. चेंडू मधल्या फटीवर पडला की वेडावाकडा उडतो, पण दोन्हीकडच्यांना सारखाच त्रास होतो, त्यामुळे न्याय आहे.

तो टकटक आवाज त्याचा. दोघं खेळतायत, बाकीचे नंबर लावून बसलेत. बाईंना निरोप देताना हॉलमध्ये सगळ्यांनी बसायचं की काहींनी खेळत राहायचं, यावर मुलांनी काल सभा घेतली. ठरलं, की बाई फाटकाबाहेर जाईपर्यंत खेळ थांबवायचा नाही.

नवं दार तुम्ही बसवू शकता, साहेब. लाकूड तुमच्याकडे आहे, सुतार तुमच्याकडे आहे. कायद्याने तुम्हाला कुणी अडवणार नाही. पण ते बसवायला सोमवारी याल तेव्हा आठवी ब समोर उभी असेल. कुणी घोषणा देणार नाही, कुणी आडवं पडणार नाही. ती खिडकीतली मुलगी तुम्हाला फक्त विचारील, “काका, टेबल कुठे ठेवायचं?” त्याचं उत्तर आत्तापासून शोधून ठेवा. वीस मिनिटांचे शिक्षक तुम्ही होऊ शकता, हे आम्ही बघितलंय. एकविसावं मिनिट तेवढं सांभाळा.

आणि मीही तिथे असेन. परवा जाणार होतो, तो विचार सोडला. मामांना सांगितलंय, आईला आत्ता कळतंय. आई, रडू नकोस, शर्ट खोचतो.

बाई, संस्थेकडून तुम्हाला भिंतीवरचं घड्याळ मिळेल. मुलांकडून काय द्यायचं, यावर फार वाद झाले. शेवटी नोटीस बोर्डावरचा तो छापील कागद काढून आणलाय. झालेल्या उपक्रमांपुढे मुलांनी खुणा केल्यात, फसलेल्यांपुढे ‘फसला’ असं लिहिलंय, आणि टेबल टेनिसपुढे हिरव्या रंगाचं बोट उमटलंय. त्या चार वर्गांच्या शाळेत तो लावा. तिथे कुंडी मिळेल की नाही, माहीत नाही. इथलं झाड मात्र कुंपणापेक्षा उंच झालंय. हेडसरांनी गेल्या महिन्यात ते परत कुंडीत घालता येईल का, अशी चौकशी केली होती. माळी म्हणाला, “सर, आता त्याला कुंडी नाही, कुंपण लहान पडतंय.”

माइक देणाऱ्या मंडपवाल्यांचे, चहा ठेवणाऱ्या मावशींचे, दोन मिनिटं म्हणून एवढा वेळ सोसणाऱ्या हेडसरांचे आणि उठून न गेलेल्या अध्यक्षांचे मी मनापासून आभार मानतो. बोलण्याच्या ओघात कुणाचं नाव राहिलं असेल, मान राखायचा राहिला असेल, मधेच ट्रक आणि होड्या आल्या असतील, तर माझं शिक्षण अर्धवट आहे हे ध्यानात घेऊन मोठ्या मनाने माफ करा. फळ्यांबद्दल जे बोललो, त्याची माफी मागत नाही.

साहेब, किल्ली उचलताय ना? या, पडदा मी धरतो. बाई, तुम्ही पुढे व्हा. आज पहिली सर्व्हिस तुमची.